मेमरी कार्डाचा वेग आणि पोथ्यांचें छायाचित्रण

जुन्या पोथ्या, दप्तरें व सुटे कागद यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवण्याचें काम आतां संस्थांच्याच नव्हे तर खाजगी संग्राहकांच्याहि अंगवळणीं पडलें आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, भिंग कोणतें असावें, दिवे कोणत्या कोनांत लावावे याविषयीं आपल्या वर्गांत बरीच चर्चा होते. परंतु दिवसभराचें सर्व काम अखेर ज्या नखाएवढ्या चकतीवर लिहिलें जातें तिच्याविषयीं मात्र विचार कोणी फारसा करीत नाहीं. दुकानदार देईल तें कार्ड घ्यावें, अशी बहुतेकांची रीत. उलटपक्षीं कांहीं मंडळी सर्वांत महाग कार्ड घेतात आणि त्यायोगें छायाचित्रें अधिक स्वच्छ येतील अशी आशा धरतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पैकीं पहिल्या समजाची किंमत आम्हांस स्वतःस द्यावी लागली, व म्हणूनच हें टिपण लिहावयास घेतलें आहे.

प्रथम दुसऱ्या समजाचा निकाल लावूं. कार्डाच्या वेगाचा चित्राच्या गुणाशीं कांहींएक संबंध नाहीं. चित्र कसें उठेल हें भिंग, प्रकाश, संवेदक व छायाचित्रकाराचा हात यांवर अवलंबून असतें. कार्डाकडे जो मजकूर येतो तो तें जसाच्या तसा लिहून ठेवतें. बोरूनें सावकाश लिहिलें काय किंवा भरभर लिहिलें काय, मूळ श्लोक बदलत नाहीं. बदलतो तो वेळ. कॅमेरा पुढच्या चित्रास केव्हां मोकळा होईल आणि सायंकाळीं सर्व चित्रें संगणकावर उतरावयास किती घटका लागतील, या दोन गोष्टी कार्डाच्या वेगावर ठरतात.

कॅमेऱ्यांत हें काम कसें चालतें तें पाहिलें म्हणजे उलगडा होतो. कळ दाबतांच संवेदकावरील प्रकाशाचें अंकांत रूपांतर होतें. ते अंक लगेच कार्डावर जात नाहींत; ते प्रथम कॅमेऱ्याच्या पोटांतील एका अतिजलद पण तात्पुरत्या स्मरणांत सांठतात. यास बफर म्हणतात. तेथून ते क्रमाक्रमानें कार्डावर उतरतात. पूर्वींच्या काळीं एकजण पोथी वाचून सांगे व दुसरा उतरून घेई, त्या प्रकाराची येथें आठवण होते. लेखकाच्या मनांत एक चरण किंवा अर्धा श्लोक राही तोंपर्यंत वाचणारा पुढें जाऊं शके; मन भरलें कीं त्यास थांबावें लागे. बफर म्हणजे लेखकाचें तें मन, व कार्ड म्हणजे त्याचा बोरू. महाभारताच्या लेखनाची जी कथा आहे तींत लेखणी थांबूं नये म्हणून लेखकानेंच अट घातली होती, आणि सांगणाऱ्यास उसंत मिळविण्यासाठीं कूटश्लोक रचावे लागले. कॅमेऱ्यांत प्रकार नेमका उलटा आहे. येथें सांगणारा कधीं थकत नाहीं. थांबावें लागतें तें लेखणी मंद असल्यामुळें.

ही लेखणी मंद कां, याचें कारण कार्डाच्या घडणींत आहे. जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणारे फुजिओ मासुओका यांनीं या जातीची स्मृति शोधून काढली. आजच्या कार्डांत असणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. तिला ‘फ्लॅश’ हें नांव पडलें तें मोठा भाग एका झटक्यांत पुसला जातो यावरून. कॅमेऱ्याच्या चमकदिव्याची आठवण होऊन एका सहकाऱ्यानें तें सुचविलें. हीच स्मृति पुढें कॅमेऱ्याच्या कामीं यावी हा योग मौजेचा खरा. या स्मृतींत लहान लहान पानांवर लिहितां येतें. परंतु पुसावयाचें झाल्यास पानेंच्या पानें असलेला सबंध गठ्ठाच पुसावा लागतो. शिवाय वाचण्यापेक्षां लिहिण्यास वेळ अधिक लागतो. म्हणून प्रत्येक कार्डाचे वेग दोन असतात, एक वाचण्याचा व दुसरा लिहिण्याचा, आणि पहिला जवळजवळ नेहमींच दुसऱ्याहून मोठा असतो. कार्डाच्या दर्शनीं भागावर ठळक छापलेला आंकडा बहुधा वाचण्याचा असतो व तोहि ‘इतक्यापर्यंत’ या अर्थीं. कॅमेऱ्यास गरज असते लिहिण्याच्या वेगाची. ही गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एस्‌डी जातीचें कार्ड असतें. ही जात तीन कंपन्यांनीं मिळून १९९९ सालीं काढली. तिच्यापूर्वीं १९९४ पासून कॉम्पॅक्टफ्लॅश हें थोराड कार्ड चालू होतें. एस्‌डी कार्डावर इतक्या खुणा दाटीनें छापलेल्या असतात कीं एखाद्या शिलालेखाची लिपि लावावी तशी ती लावावी लागते. तिची किल्ली पुढीलप्रमाणें आहे. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटांत २, ४, ६ किंवा १० यांपैकीं आंकडा असेल तर तें कार्ड सलग लिहितांना सेकंदास निदान तितके मेगाबाइट लिहील, अशी हमी आहे असें समजावें. ‘यू’च्या पोटांत १ असल्यास ही हमी १० मेगाबाइटांची व ३ असल्यास ३० मेगाबाइटांची. ‘व्ही’ पुढें ३०, ६० किंवा ९० असेल तर तोच आंकडा हमीचा होय. ही तिसरी मालिका मुख्यतः चलच्चित्रांसाठीं निघाली. म्हणजे ‘सी १०’ व ‘यू १’ यांचा अर्थ एकच, तसाच ‘यू ३’ व ‘व्ही ३०’ यांचाहि. एकाच कार्डावर तीन तीन खुणा पाहून त्याच्या अंगीं तीन निरनिराळे गुण असतील असें मानूं नये. ‘ए १’ किंवा ‘ए २’ अशी खूण मोबाइल फोनांत कार्यक्रम चालविण्यासंबंधींची आहे. कॅमेरावाल्यास तिच्याशीं कर्तव्य नाहीं.

याखेरीज रोमन एक किंवा दोनचा आंकडा असतो. हा हमी सांगत नाहीं, रस्त्याची रुंदी सांगतो. एकच्या रस्त्यानें सेकंदास अधिकांत अधिक १०४ मेगाबाइट जाऊं शकतात, दोनच्या रस्त्यानें ३१२. दोनच्या कार्डास पाठीमागें सोनेरी स्पर्शपट्ट्यांची दुसरी ओळ असते. ती पाहिली म्हणजे ओळख पटते. असें कार्ड एकच्या कॅमेऱ्यांत चालतें, परंतु त्या कॅमेऱ्यास दुसरी ओळ स्पर्शच करीत नाहीं. म्हणून तेथें तें एकच्याच चालीनें चालतें व दिलेले जादा पैसे वायां जातात. एकचा आंकडा असूनहि १७० मेगाबाइटांचा दावा करणारीं कार्डें बाजारांत आहेत. तो दावा खोटा नसतो. पण तो वेग त्याच कंपनीच्या खास वाचनयंत्रांतून संगणकावर उतरतांना मिळतो, कॅमेऱ्यांत मिळत नाहीं. जुन्या कार्डांवर ‘१३३ पट’, ‘६०० पट’ असें लिहिलेलें आढळतें. त्यांतील एक पट म्हणजे आरंभींच्या सीडी-यंत्राचा वेग, सेकंदास १५० किलोबाइट. त्या हिशेबानें ६०० पट म्हणजे ९० मेगाबाइट झाले.

आतां या वेगाचा परिणाम किती तो प्रत्यक्ष हिशेबानें पाहूं. उदाहरणादाखल असा कॅमेरा घ्या कीं जो सेकंदास १० चित्रें घेतो, प्रत्येक चित्र ३० मेगाबाइटांचें, व बफर १,००० मेगाबाइटांचा. दर सेकंदास ३०० मेगाबाइट आंत येतात. कार्ड सेकंदास २० मेगाबाइट लिहिणारें असेल तर बफर २८० च्या गतीनें भरतो आणि साडेतीन सेकंदांत, सुमारें ३६ चित्रांवर, कॅमेरा अडतो. कार्ड ८० चें घेतलें तर साडेचार सेकंद व ४५ चित्रें. लेखणी चौपट जलद केली आणि चित्रें वाढलीं अवघीं नऊ! हें पाहून पुष्कळांचा विरस होतो. परंतु खरा फरक यापुढें दिसतो. भरलेला बफर रिता व्हावयास पहिल्या कार्डास ५० सेकंद लागतात, दुसऱ्यास साडेबारा. अडल्यानंतरहि कळ दाबूनच ठेवली तर पहिल्या कार्डावर दीड सेकंदास एक चित्र, दुसऱ्यावर दीड सेकंदांत चार. २५० मेगाबाइटांचें कार्ड घेतलें तर मात्र आवक व जावक जवळजवळ जुळतात आणि बफर भरावयास २० सेकंद, म्हणजे २०० चित्रें, लागतात. उडत्या पक्ष्यांचीं किंवा क्रिकेटच्या सामन्यांचीं चित्रें घेणारे जलद कार्डासाठीं हजारों रुपये कां मोजतात तें यावरून समजेल.

पण पोथी उडून जात नाहीं. आमच्या कामाची चाल अशी असते: एकजण पान उलटून फळीवर ठेवतो, कांठ सरळ करतो, हात काढून घेतो; दुसरा कळ दाबतो. कितीहि हात बसला तरी एका पृष्ठास सात-आठ सेकंदांहून कमी लागत नाहींत, आणि घाई केली तर पान फाटतें. रॉ व जेपेग अशा दोन्ही प्रती मिळून एका पृष्ठाचे ४० मेगाबाइट धरले तरी सेकंदास आवक पडते अवघी पांच मेगाबाइट. ‘सी १०’ ची सर्वांत साधी हमीहि याच्या दुप्पट आहे! अतएव पोथीच्या छायाचित्रणास महागडें जलद कार्ड लागत नाहीं, हें आमचें स्पष्ट मत आहे. त्या पैशांत दोन मध्यम कार्डें घ्यावीं.

असें असूनहि कॅमेरा अडतो व मंडळी कार्डास बोल लावतात. अशा तक्रारींपैकीं निम्म्यांचें कारण आम्हांस दुसरेंच आढळलें. वाड्याच्या माजघरांत उजेड कमी, म्हणून दोन सेकंद उघडीप द्यावी लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांत लांब उघडीपीनंतर कॅमेरा तितकाच वेळ पडदा बंद ठेवून एक काळें चित्र घेतो व त्यावरून मूळ चित्रांतील ठिपके वजा करतो. ही सोय चालू असेल तर दोन सेकंदांच्या चित्रास चार सेकंद लागणारच. तेथें जगांतील सर्वांत जलद कार्डहि उपयोगीं नाहीं. दुसरें कारण दोन खांचांच्या कॅमेऱ्यांचें. दोन्ही कार्डांवर एकाच वेळीं प्रत घेण्याची योजना उत्तम आहे व आम्ही तीच पसंत करतों. पण त्यांत दोहोंपैकीं मंद असेल त्याच्याच चालीनें काम चालतें. २०१२ सालच्या कॅनन ५डी मार्क ३ या नामांकित कॅमेऱ्यांत एक खांच कॉम्पॅक्टफ्लॅशची व एक एस्‌डीची होती. त्यांतील एस्‌डीची खांच वर सांगितलेला रोमन एकचा रस्ता ओळखतच नसे. तींत कितीहि जलद कार्ड घाला, तें जुन्याच चालीनें चाले, आणि दोन्हींवर प्रती घेऊं गेल्यास चांगल्या खांचेसहि मागें ओढी.

दोन कामीं मात्र संशोधकासहि वेगाची गरज पडते. पहिलें चित्रांचें. कांहीं कॅमेरे संवेदक किंचित्‌ किंचित्‌ सरकवून एकाच वस्तूचीं चार किंवा सोळा चित्रें घेतात व मागाहून तीं एकत्र करून फार बारीक तपशील असलेलें एक चित्र बनवितां येतें. सोनीच्या २०१९ सालच्या ६१ मेगापिक्सेलांच्या कॅमेऱ्यांत अशीं सोळा चित्रें घेण्याची सोय आहे. सचित्र पोथींतील लघुचित्रांस ही रीत उत्तम. एका पानास सोळा चित्रें म्हणजे बफरास एकदम सोळांचा घांस, आणि मंद कार्ड असेल तर दर पानामागें स्वस्थ बसून राहावें लागतें. दुसरें काम चलच्चित्राचें. एखाद्या वृद्ध शाहिराचें गाणें किंवा वैदिकाचें पठण टिपून ठेवावयाचें असेल तर लिहिणें क्षणभरहि थांबून चालत नाहीं; थांबलें कीं कॅमेरा मुद्रणच बंद करतो. येथें एका घोटाळ्यापासून सावध राहावें. चलच्चित्राचा वेग मेगाबिटांत सांगतात व कार्डाचा मेगाबाइटांत, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. ‘१०० मेगाबिट’ असें वाचून ‘व्ही ९०’ चें कार्डहि पुरणार नाहीं अशी एका स्नेह्यांची समजूत झाली होती. वास्तविक १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. त्यास ‘व्ही ३०’ पुरून उरतें. ४०० मेगाबिटांस ५० मेगाबाइट लागतात. तेथें ‘व्ही ६०’ घ्यावें.

संगणकावर उतरण्याचा वेळ हा दुय्यम विषय आहे. दीडशें पत्रांच्या पोथीचीं ३०० पृष्ठें १२ गिगाबाइट भरतात. जुन्या यूएसबी २ जातीच्या वाचनयंत्रांतून प्रत्यक्षांत सेकंदास ३५ मेगाबाइट मिळाले तर पावणेसहा मिनिटें, नव्या यूएसबी ३ च्या यंत्रांतून ९० मिळाले तर सव्वादोन. कार्डापेक्षां येथें यंत्र बदलणें स्वस्त पडतें.

आतां ज्या प्रसंगाचा आरंभीं उल्लेख केला तो सांगावयास हवा. कोंकणांतील एका भिक्षुकी घराण्यांत ज्योतिषाच्या व धर्मशास्त्राच्या पोथ्या असल्याचें कळल्यावरून आम्ही व एक सोबती तेथें गेलों. यजमानांनीं मोठ्या मुष्किलीनें तीन दिवसांची परवानगी दिली. पोथ्या घराबाहेर नेऊं देण्यास ते तयार नव्हते. जातांना शहरांतील एका दुकानांतून १२८ गिगाबाइटांचें एक कार्ड स्वस्तांत मिळालें म्हणून घेतलें होतें. त्यावर ९५ चा आंकडा होता, ‘यू ३’ ची खूण होती. काम सुरू झालें. दर पृष्ठामागें कॅमेऱ्याचा लाल दिवा सात-आठ सेकंद जळत राही. त्याच कॅमेऱ्यांत आमच्या जुन्या कार्डावर तो एका सेकंदांत विझत असे. सोबत्यानें ही गोष्ट बोलूनहि दाखविली. परंतु कार्ड जरा मंद आहे इतकाच अर्थ आम्ही घेतला. पान उलटण्यास तितका वेळ लागतच होता, तेव्हां काम अडलें नाहीं. घेतलेलें प्रत्येक चित्र पडद्यावर स्वच्छ दिसत होतें. तीन दिवसांत ५४० पृष्ठें झालीं.

घरीं येऊन उतरवूं लागतों तों १९६ चित्रें शाबूत आणि पुढील सर्व करडीं, रिकामीं! कार्ड बनावट होतें. त्याच्या पोटांत खरी जागा ८ गिगाबाइटांची. परंतु विचारल्यास १२८ सांगावे अशी त्याच्या नियंत्रकास शिकवण दिलेली. खरी जागा संपल्यावर आलेला मजकूर तें स्वीकारल्यासारखें करी व टाकून देई. चित्र घेतांच पडद्यावर जें दिसतें तें बफरांतलें असतें, कार्डावरचें नव्हे, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. म्हणून पडद्यावर दिसलें तेवढ्यानें आमची खात्री पटली. हिशेब केला असता तरी संशय यावयास हवा होता: ४० मेगाबाइट आठ सेकंदांत म्हणजे सेकंदास पांच, आणि छापील हमी ३० ची. हमीच्या सहाव्या हिश्श्यानें चालणारें कार्ड मंद नसतें, तें खोटें असतें. जुन्या कार्डावर तोच कॅमेरा जलद चालत असल्यानें दोष कॅमेऱ्याचा नव्हता हेंहि उघड होतें. ताम्रपटांतील अक्षरवटिका कालाशीं जुळत नाहीं म्हणून पट बनावट ठरविणाऱ्या आम्हां मंडळीस हातांतल्या चकतीची परीक्षा सुचूं नये, याची लाज वाटते.

तेव्हांपासून नवें कार्ड घेतलें कीं आम्ही तें प्रथम संगणकावर कांठोकांठ भरून परत वाचून पाहतों. यासाठीं ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ व ‘एफ-थ्री’ असे दोन कार्यक्रम फुकट मिळतात. ते खरी जागा व लिहिण्या-वाचण्याचा वेग दोन्ही सांगतात. ६४ गिगाबाइटांच्या कार्डास सेकंदास ६० मेगाबाइट लिहिण्याचा व ९० वाचण्याचा वेग धरला तर अर्धा तास लागतो. कार्ड दर मोहिमेपूर्वीं कॅमेऱ्यांतच नव्यानें आंखून घेतों, म्हणजे फॉरमॅट करतों; मधलीं मधलीं चित्रें पुसून जागा करीत नाहीं, कारण पुसलेल्या व भरलेल्या पानांची सरमिसळ झालेल्या कार्डावर लिहिण्याची चाल मंदावते. दुपारीं जेवणापूर्वीं व सायंकाळीं सर्व चित्रें संगणकावर उतरवून, उघडून पाहून, मगच पोथी रुमालांत बांधतों.

त्या घरीं पुन्हां जाण्याचें दोन महिन्यांनीं ठरलें होतें. मध्यंतरीं पावसाळा लागला, माडीचें छप्पर एका बाजूस खचलें व फडताळ भिजलें. आम्ही पोंचलों तेव्हां पत्रें एकमेकांस चिकटून लगदा झालीं होतीं. वाळवून सोडविलीं त्यांपैकीं पंचविसाच्या आंत वाचतां आलीं. आमच्या १९६ चित्रांत मुहूर्तविषयक पोथीचा आरंभ आहे, ग्रंथाचें नांव आहे, ग्रहांच्या कोष्टकांचा बराच भाग आहे. लेखकाचें नांव, गांव व शक ज्या शेवटच्या पत्रावर होतें तें नाहीं. तें पत्र आम्हीं हातांत धरून पाहिलें होतें, शकाचा आंकडा मोठ्यानें वाचलाहि होता. पण चित्र घेतलें आहेच म्हणून टिपून ठेवला नाहीं. यजमान म्हणाले, तुमच्याजवळ असेल म्हणून आम्हीहि निश्चिंत होतों.

आतां पोथीचें वेष्टन सोडलें कीं आम्ही प्रथम शेवटचें पत्र घेतों, मग पहिलें, आणि नंतर क्रमानें आरंभ करतों. आणि शक वहींत शाईनें लिहून ठेवतों.